खोट्या नावाचं कार्ड

तोरिका माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात बसते. अजूनही बसते. तिच्याबद्दल चार शब्द लिहायचे तर आधी कबूल करतो, की एका बुधवारी दुपारी जवळजवळ पाऊण तास मी या बाईचा गळा दाबायच्या विचारात होतो. माझी बायको त्या बोटीवर होती. ज्याची बायको त्या बोटीवर नव्हती, त्याने मला शहाणपण शिकवू नये.

माझं दुकान लेवुका बंदराच्या धक्क्यासमोर आहे. दोर, गळ, रॉकेल, डब्यातली मासळी, पंपाचे वायसर असला सगळा पसारा. आजूबाजूच्या बेटांवर जाणाऱ्या बोटी माझ्याकडूनच सामान भरतात, म्हणून मी काउंटरमागे वायरलेस ठेवलाय. नऊ वर्षांपूर्वी तोरिका आली आणि म्हणाली, "शलेनभाऊ, तुमच्या खिडकीजवळचा तो कोपरा मला द्या." मी म्हणालो, "तिथे दोर असतात." ती म्हणाली, "दोर काय, कुठेही राहतात. मला उजेड लागतो." दुसऱ्या दिवशी माझे दोर मागच्या खोलीत होते आणि कोपऱ्यात तिचं टेबल. मी हो म्हटल्याचं मला आजपर्यंत आठवत नाही.

ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. शाळेचे, पोस्टाचे, मिशनच्या दवाखान्याचे, मासळीच्या कारखान्यातल्या कारकुनांचे. हे काम ती राजधानीत, सुवाला शिकली. तिथल्या एका वखारीत ऑस्ट्रेलियातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर कंटेनर भरभरून यायचे. त्या ढिगाऱ्यात सात वर्षं काढल्यावर एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली. खोक्यावर लिहिलेलं नाव आणि पोटातला माल यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न, "कुठल्या गावचा?" मग कुणाचा मुलगा, आई कुठल्या घरातली. हे कळल्याशिवाय माणूस कळत नाही. तोरिका कॉम्प्युटरलाही हेच विचारायची. त्यात सगळ्यात लबाड ग्राफिक्स कार्ड, असं तिचं म्हणणं. पडद्यावर चित्र उमटवणारी ती पट्टी. लोक यायचे, नकाशा चालत नाही म्हणायचे, खेळ अडकतो म्हणायचे, आणि आत कार्ड कुठलं आहे विचारलं तर म्हणायचे, "काळं."

"काळं!" तोरिका मला म्हणायची. "उद्या नवरा कुठला विचारलं तर म्हणतील, मिशीवाला."

मग ती दोन कळा दाबून एक चौकट उघडायची, त्यात एक लहानसा शब्द टाइप करायची, की कॉम्प्युटर मुकाट्याने आपल्या कार्डाचं नाव सांगायचा. दुसरा कुणी कारागीर असता तर इथेच हात झटकून मोकळा झाला असता. ही नाही. "हे झालं त्याचं सांगणं," म्हणायची, "आता आपण बघायचं." स्क्रू काढायचे, झाकण उतरवायचं, विजेरी दातात धरायची, कार्डाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायची, मागे कुठली कुठली भोकं आहेत ती बोटाने मोजायची. सांगणं आणि दिसणं जुळलं, तरच झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनने कार्डाचं नाव आणि तारीख लिहायची. तिने लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सुवाहून आलेले शिकलेसवरलेले लोकही झाकण उघडून तिचं अक्षर दिसलं की पुढे तपासत नसत.

आता सेतारेकीबद्दल सांगायला हवं.

सेतारेकी नासौवाकी बेटाच्या बोटीचा कप्तान. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. त्याचं गाव आणि तोरिकाचं गाव एकमेकांचे तौवू. दोन्ही गावांचे मूळ देव भाऊभाऊ, म्हणून त्यांच्या माणसांत थट्टेची सोयरीक. तौवूने तौवूला वाटेल ते बोलावं, त्याची वाटेल ती वस्तू उचलून न्यावी. रागवायचं नाही आणि माफी मागायची नाही. रागावलात तर तुम्ही हरलात, माफी मागितलीत तर तुम्ही वेडे.

सेतारेकी दुकानात शिरायचा तोच ओरडत. "काय गं वटवाघळे, अजून उलटीच लटकतेस का?"

"ये रे खेकड्या. सरळ चालता आलं तर आत ये."

तो सरळ तिच्या टेबलाशी जायचा, तिचा डबा उघडायचा, त्यातला कसावा आणि मासा तिच्यादेखत संपवायचा आणि बोटं चाटत म्हणायचा, "मीठ कमी आहे." ती त्याच्या चपला उचलून माझ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायची. एकदा तो तिच्या घरचं डुक्कर घेऊन गेला. तिने त्याची उशी, ताडपत्री आणि वेलकमची पाटी आणली. पाटी अजून माझ्या मोरीच्या दाराला आहे.

आणि वायरलेस! माझ्या वायरलेसचा या दोघांनी जो तमाशा केला, तो विचारू नका. दोन वर्षांपूर्वी तोरिकाने त्याला भर समुद्रात गाठून रडत रडत सांगितलं, "सेतारेकी, मेरेवालेसीला जुळं झालंय, आणि तिची तब्येत बरी नाही, लवकर ये." मेरेवालेसी त्याची बायको. तिला कसले दिवस गेले नव्हते की काही नव्हतं. पण तोरिका इतकी बेमालूम रडली, की मलाही क्षणभर खरं वाटलं. त्याने बोट फिरवली. अर्ध्या वाटेत त्याला हिशेब सुचला, की आपण घरातून निघालो तेव्हा बायको नारळाच्या झाडाखाली कुदळ मारत होती. सगळा धक्का आठवडाभर हसत होता. तोही हसला. म्हणाला, "आता ही वटवाघूळ देवाची शपथ घेऊन बोलली तरी मी कान देणार नाही."

तेव्हा मीही हसलो होतो. 

सेतारेकीच्या बोटीवर नकाशाचा एक कॉम्प्युटर होता. समुद्राचा नकाशा, त्यात खडकांच्या रांगा आणि मधोमध आपली बोट म्हणून एक लहान लाल होडी. बोट सरकेल तशी होडी सरकते. पूर्वी सेतारेकी नासौवाकीची खिंड नुसत्या नजरेने काढायचा. तिथे खडकाच्या कड्यात एकच फट आहे, दोन बोटी शेजारी मावणार नाहीत एवढी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब होते. मागच्या वादळाने खांब नेले. सरकारने नवे लावतो म्हटलं आणि म्हणतच राहिलं. तेव्हापासून तो पडद्यावर विसंबायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, पडदा चोख काम करत होता.

ऑगस्टमध्ये तोरिकाने सुवाच्या एका व्यापाऱ्याकडून दोन नवी ग्राफिक्स कार्डं मागवली. चकचकीत खोकी, वर प्लॅस्टिक. एक भूमापन कचेरीने मागितलं होतं, ते त्यांच्या माणसाने खोक्यासकट नेऊन तिकडेच बसवलं. दुसरं कशासाठी ते मी विचारलं, तर गालातल्या गालात हसली.

"खेकड्याच्या बोटीतलं कार्ड पाच वर्षांचं झालंय," म्हणाली. "चालतंय, पण म्हातारं आहे. मी ते चोरणार."

"आणि तिथे हे नवं बसवणार?"

"बसवलं म्हणून सांगायचं नाही. चोरलं म्हणून सांगायचं."

तौवूला भेट देता येत नाही, त्यात गंमत नाही. म्हणून तिने भेटीची चोरी केली. सेतारेकी धक्क्यावरच्या टपरीत चहाला गेला तेवढ्यात ती बोटीवर चढली. तो परत यायच्या आत काम उरकायचं होतं, नाहीतर चोरी कसली? जुनं कार्ड काढलं, नवं खोचलं, कॉम्प्युटर चालू केला, नाव विचारलं. पडद्याने खोक्यावरचंच नाव सांगितलं. तेवढ्यात धक्क्यावर त्याचा आवाज ऐकू आला. तिने झाकणाच्या आत पांढऱ्या पेनने नाव लिहिलं, तारीख घातली, स्क्रू पिळले आणि पळाली. नऊ वर्षांत त्या एका दिवशी तिने सांगणं ऐकलं आणि बघायचं सोडून दिलं.

संध्याकाळी तिने धक्क्यावर उभं राहून ते जुनं कार्ड हवेत नाचवलं. "ए खेकड्या! तुझ्या बोटीचा डोळा काढला बघ!"

"ठेव तुला," तो बोटीवरून ओरडला. "तुझ्या तोंडाकडे बघायला तुलाच लागेल!"

दोन महिने काही झालं नाही. आमच्याकडे ते थंडीचे दिवस, बोटीची केबिन गार राहायची.

तो बुधवार ऑक्टोबरातला. उकाडा सुरू झाला होता. प्रेमिला, माझी बायको, नासौवाकीच्या शाळेत शिकवते. सुटी संपवून ती परत निघाली होती. बोट अकराला सुटली. एकतीस उतारू, तांदळाची पोती, एक शिवणयंत्र, दोन बकऱ्या. मी प्रेमिलाच्या हातात रोट्यांचा डबा दिला आणि पोचल्यावर निरोप दे म्हटलं. ती म्हणाली, "दरवेळी देते की." सव्वाचारच्या सुमाराला बोट खिंडीत शिरायची, हा नेहमीचा नेम.

तीन वाजता भूमापन कचेरीचा शिपाई कॉम्प्युटर घेऊन आला. "मधेच थिजतो," म्हणाला. "साहेब पेन्सिल फेकून मारतात."

तोरिकाने तो चालू करून ठेवला, एक नकाशा फिरवायला लावला आणि दुसऱ्या कामाला लागली. खिडकीतून ऊन थेट त्या खोक्यावर येत होतं. थोड्या वेळाने मी सहज तिकडे पाहिलं आणि म्हणालो, "चाललाय की चांगला. चित्र झकास दिसतंय."

तोरिकाने मान वर केली. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. परत पडद्याकडे.

"शलेनभाऊ, तुमचं घड्याळ बरोबर आहे?"

"मिनिटाचा फरक नाही. का?"

"तीन चाळीस झालेत," ती म्हणाली. "याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तीन एकोणीस दाखवतंय."

पडदा काळा झाला नव्हता. कुठे रेघ नव्हती, धोक्याची खूण नव्हती. एकवीस मिनिटांपूर्वीचं चित्र तो आत्ताचं म्हणून दाखवत उभा होता. मला त्यात एवढं काय ते कळलं नाही. तिला कळलं असावं, कारण तिचे हात भराभर चालायला लागले. झाकण काढलं. कार्ड उपसलं, भाजलं म्हणून फेकलं, फडक्यात धरून परत उचललं. त्याची पाठ उजेडाला धरली.

"निळं भोक," ती पुटपुटली.

"काय?"

"या नावाच्या कार्डाला निळं भोक नसतंच. पडद्याची ती जुनी वायर लागायची ना, पंधरा टाचण्यांची, तिचं भोक. ती रीत कधीच बंद झाली." बोलता बोलता तिने पंखा उचकटला, खालचा पांढरा लेप अंगठ्याने पुसला आणि मधल्या चौकोनावरचे बारीक आकडे वाचले. मग ती खाली बसली. स्टूल मागे होतं, पण तिला ते दिसलं नाही, ती जमिनीवरच बसली.

कार्ड दहा वर्षांपूर्वीचं होतं. कुणीतरी त्याच्या पोटात नवं नाव भरलं होतं. विचारलं की ते शिकवलेलं नाव सांगायचं. हलक्या कामात निभावून न्यायचं, आणि तापलं की जागच्या जागी मरायचं, चेहरा मात्र जिवंत ठेवून.

"दुसरं कुठंय?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर आठवलं.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी तिने वायरलेस उचलला. 

"सेतारेकी. सेतारेकी, मी तोरिका. बोट थांबव."

घरघर झाली. मग त्याचा तो आडवा आवाज. "अरे वा, वटवाघूळ दुपारची जागी? काय, या खेपेला तिळं झालं का?"

"ऐक. तुझ्या नकाशाच्या कॉम्प्युटरमध्ये मी खोटं कार्ड बसवलंय. तापलं की चित्र गोठतं. खिंडीत शिरू नकोस."

"तू तर म्हणालीस चोरलं. आता म्हणतेस बसवलं. एक काहीतरी ठरव, बाई."

"चोरलं आणि बसवलं! झाकण उघड, बघ."

"उघडलंय केव्हाच," तो हसत म्हणाला. "गेल्या महिन्यात आपोरोसाने धूळ पुसायला उघडलं होतं. आत तुझ्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात नाव लिहिलंय, तारीख घातलीय. तुझं अक्षर खोटं म्हणतेस?"

 तोरिका म्हणाली, "हो. माझं अक्षर खोटं आहे."

पलीकडे हसण्याचा कल्लोळ उठला. त्याने बटण दाबूनच ठेवलं असावं, कारण इंजिनवाला आपोरोसाही हसताना ऐकू आला आणि मागून बकरी.

ती रडायला लागली. खरंखुरं, नाक वाहतं रडणं. त्यावर सेतारेकी म्हणाला, "वा! गेल्या वेळेपेक्षा सुधारलीस. दवाखान्यात असतीस तर मुडदे उठून बसले असते."

मी तिच्या हातातून वायरलेस हिसकावला. "सेतारेकी, मी शलेन बोलतोय. ही खरं सांगतेय. माझी बायको आहे तुझ्या बोटीवर, गाढवा!"

"अरेरे, शलेनभाऊ," तो म्हणाला, "तुम्हीसुद्धा? किती रॉकेल पाजलं हिने?"

माझ्या वायरलेसवरून नऊ वर्षं ही दोघं खिदळली आणि मी एकदाही थांबवलं नाही. आता त्याच वायरलेसवरून माझा शब्दही थट्टेत गेला. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. पश्चिमेकडे पावसाचा करडा पडदा उतरत होता आणि त्याच्या फटीतून येणारं ऊन तिकडे तोंड करून चाललेल्या बोटीत थेट समोरून डोळ्यांवर. तशा उन्हात पाण्याखालचा खडक दिसत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

तोरिकाने डोळे पुसले आणि वायरलेस परत घेतला. आवाज घट्ट केला. "बरं, खेकड्या. हरले. एक पैज लाव. आपोरोसाला सांग, खोक्याच्या पाठीमागे निळं भोक आहे का बघ. नसलं तर माझं घर तुझं."

"घर? तुझ्या घराला छप्पर आहे का? ए आपोरोसा, बघ रे, वटवाघळाचं घर मिळतंय."

खुडबूड झाली. आपोरोसाचा आवाज लांबून आला, "आहे. निळं आहे. आणि हे भलतंच तापलंय, कप्तान."

"आहे म्हणतोय. मग? निळं असो नाहीतर हिरवं."

"आता पडद्याच्या कोपऱ्यात बघ," तोरिका म्हणाली. "उजवीकडे खाली. किती वाजलेत?"

"त्यात काय. तीन एक्कावन्न."

"आता मनगटावर बघ."

घरघर. फक्त घरघर. मी दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. चार सहा. ती लाल होडी पंधरा मिनिटांपूर्वी जिथे होती, तिथेच मोकळ्या पाण्यात उभी असणार. खरी बोट मात्र कुठल्या कुठे.

बोलला तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. आमच्याशी तो बोललाच नाही. "आपोरोसा! मागे! मागे घे! सुकाणू धर, मी पुढे जाऊन बघतो!" हातातून वायरलेस टाकला असेल, पण बटण कशाखाली तरी दबून राहिलं. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. इंजिनची किंकाळी. पायांचा धडधडाट. मग खालून, लाकूड किसावं तसा, लांबच लांब आवाज. बायकांचं ओरडणं. त्यात प्रेमिला होती की नाही, मला ओळखता आलं नाही. स्वतःच्या बायकोचं ओरडणं मला ओळखता आलं नाही. मग बटण सुटलं.

पाऊण तास कुणी उत्तर दिलं नाही. लेवुकाहून एक लाँच निघाली, पण ती पोचायला दोन तास. तोरिका वायरलेससमोर बसून सारखं एकच नाव घेत होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला त्यांनी." आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. ती नाव घेतच राहिली.

पाचला दहा कमी असताना आपोरोसा बोलला. बोट खडकाच्या अलीकडे टेकली होती. तळ फाटला होता, पण बुडण्याइतकं पाणी तिथे नव्हतं. नासौवाकीच्या होड्या माणसं उतरवत होत्या. एकतीसच्या एकतीस मोजून झाले होते. मास्तरीणबाई काठावर पोरांना पुसत होत्या. आणखी दोनशे हात पुढे गेलो असतो, तर जिथे आपटलो असतो तिथे तळ लागत नाही, असं तो म्हणाला.

"आणि सेतारेकी?" तोरिकाने विचारलं.

तो पुढच्या टोकावर खडक बघायला धावला होता. बोट आपटली तेव्हा खाली पडला, बोट आणि खडक यांच्या मध्ये. मला तेव्हा प्रेमिला जिवंत असल्याचा आनंद झाला, आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी मागच्या खोलीत दोरांमध्ये जाऊन उभा राहिलो.

शनिवारी त्याच्या गावी अंत्यविधी झाला. तोरिकाने घरातला देवमाशाचा दात बरोबर घेतला होता. आमच्याकडे मोठ्या अपराधाची क्षमा तो दात पुढे ठेवूनच मागतात. होडीत मी तिला म्हणालो, "सांगशीलच का? गावात तर बोलताहेत की तुझ्या हाकेने एकतीस जण वाचले." ती म्हणाली, "म्हणूनच सांगते."

अंगणात चटया, सालीच्या कापडाच्या घड्या, मुळ्या कुटून केलेल्या यांगोना या पेयाचं मोठं लाकडी भांडं. तिच्या गावचे इतर तौवू आधीच पोचले होते आणि रीतीप्रमाणे त्यांचा धुडगूस चालला होता. तौवूच्या मरणात तौवूने रडायचं नसतं, हसवायचं असतं. एकाने मयताची टोपी घालून कप्तानाची नक्कल चालवली होती. दुसरा शवपेटीखालची चटई ओढून पळत होता आणि म्हातारे त्याला काठीने मारल्यासारखं करत होते. मेरेवालेसी डोळे सुजवून बसली होती, आणि मधेच तिला हसू फुटत होतं.

तोरिका पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. दात दोन्ही हातांत धरला. 

"मी क्षमा मागायला आलेय," ती म्हणाली. "याला मी मारलं. बोटीत खोटं कार्ड मी बसवलं. बघायचं ते न बघता मी त्यावर नाव लिहिलं. समुद्राने नाही, मी मारलं."

 मग गावचा सगळ्यात म्हातारा माणूस, सेतारेकीचा चुलता, मांडीवर थाप मारून हसला. "ऐकलंत? तौवू क्षमा मागतेय!"

सगळं अंगण हसलं. टाळ्या पडल्या. टोपीवाला ओरडला, "या वर्षीची सगळ्यात भारी थट्टा हिचीच!" कुणीतरी तिच्या हातातून दात काढून घेतला, लुटीचा माल म्हणून डोक्यावर धरून नाचवला आणि घेऊन पळाला.

"खरं सांगतेय!" तोरिका ओरडली. "मेरेवालेसी, खरं सांगतेय गं!" आणि ती रडायला लागली.

हसणं आणखी वाढलं. तिच्या रडण्याची ख्याती गावाला माहीत होती. मेरेवालेसी उठली, तिच्याजवळ आली, तिला पोटाशी धरलं आणि हसत, डोळे पुसत म्हणाली, "पुरे गं, पुरे. त्याला फार आवडलं असतं."

मी मागच्या रांगेत बसलो होतो. सगळं ऐकलेला, सगळं ठाऊक असलेला मी. आपोरोसा माझ्यासमोर होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी उठून सांगायला हवं होतं. यांगोनाची वाटी माझ्यापर्यंत आली होती. पिण्याआधी वाजवायची ती एक टाळी मी वाजवली आणि प्यायलो.